कळांचं इंजेक्शन: कुठे घ्यायचं, कुठे नाही

गेल्या अंकात फॉरेस्टच्या दंडाच्या पावत्यांवर लिहिलं होतं. या वेळी बाळंतपणावर लिहितो आहोत. काही साथी म्हणतील, जमिनीच्या पत्रकात हे कुठून आलं? आलं ते असं. गेल्या पावसाळ्यात मोखाड्याकडच्या आपल्या एका पाड्यावर वरईचा एक तुकडा गहाण गेला. तो लग्नापायी गेला नाही, सावकाराच्या जुन्या खावटीपायीही गेला नाही. एका इंजेक्शनपायी गेला. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून १९७४ चा कायदा आहे. पण तोंडी गहाणाला कागद लागत नाही, आणि कागद नाही म्हटल्यावर तहसीलदाराला काही दिसतही नाही. आजारपणात आणि अडलेल्या बाळंतपणात आपली किती जमीन हातची जाते, त्याचा हिशोब आपण आजवर मांडलेला नाही. तो कधीतरी मांडू. आज त्या इंजेक्शनाबद्दल.

बाई चौथ्या खेपेची. आधीची तिन्ही बाळंतपणं घरीच, सुईणीच्या हाती, सुखरूप झालेली. या वेळी रात्री कळा सुरू झाल्या त्या दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी सुटका होईना. सुईण म्हणाली, पोर सरळ नाही बसलं, दवाखान्यात न्या. नदीला पाणी होतं. नवरा बाजारगावाला गेला आणि तिथल्या मोटरसायकलवाल्या डॉक्टरला घेऊन आला. गाडी नदीपलीकडे ठेवून डॉक्टर कमरेएवढ्या पाण्यातून आला, हेही सांगितलं पाहिजे. पैशासाठी आला असेल, पण आला. सरकारचं कोणी आलं नव्हतं. मात्र त्याने बाईच्या पोटाला हात लावला नाही. दंडात एक इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासाने दुसरं दिलं, पैसे घेतले आणि अंधार पडायच्या आत निघून गेला.

कळा अशा चढल्या की दोन कळांमध्ये श्वास घ्यायला उसंत राहिली नाही. मग एकदम थांबल्या. घरच्यांना वाटलं, जरा आराम पडला. सुईणीने पोटावर हात ठेवला तर पोराचे हातपाय अगदी वर, कातडीखाली लागले. ती ओरडली ती अजून त्या पाड्याला आठवते. मग झोळी, नदी, लाकडाचा ट्रक, तालुक्याचा दवाखाना, तिथून ठाणं, तिथून मुंबई. पिशवी फाटली होती. पोर गेलं. परळच्या एका मोठ्या इस्पितळात रात्री ऑपरेशन करून पिशवी काढली, तेव्हा बाई वाचली. रक्त पाहिजे म्हटल्यावर आमच्यातल्या दोघांनी दिलं, आणि लालबागच्या चाळीतले दोन गिरणी कामगार, १९८२ च्या संपापासून घरी बसलेले, सकाळी येऊन देऊन गेले.

परळच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: आधी काय दिलं? कोणाला सांगता येईना. चिठ्ठी नाही, नाव नाही. नवरा म्हणत होता, ताकदीचं होतं. शेवटी सासूने लुगड्याच्या गाठीतून काचेची फुटकी कुपी काढली. तिला वाचता येत नाही. पण आपल्या सुनेच्या अंगात काय गेलं ते कोणीतरी बघावं, म्हणून तिने ती उचलून ठेवली होती. सिस्टरने कुपीवरचं नाव वाचलं: ऑक्सिटोसिन. त्या रात्री आमच्या सगळ्यांत शहाणं काम त्या म्हातारीने केलं, असं आमचं मत आहे.

परळ आपल्या लोकांना नवं नाही. तालुक्यात जमलं नाही, ठाण्यात जमलं नाही, की चिठ्ठीवर परळ लिहितात. एका रस्त्यावर केईएम, जवळच वाडियाचं बाळंतपणाचं इस्पितळ, पोरांचं वेगळं वाडिया, पलीकडे टाटाचं कॅन्सरचं. फुटपाथवर चूल आणि भिंतीला टेकून बसलेली नात्यातली माणसं. त्यांत आपली माणसं लंगोटीवरून आणि लुगड्यावरून ओळखू येतात. केईएम आणि वाडियाचं बाळंतपणाचं इस्पितळ ही दोन्ही १९२६ ची. वाडियाचं तर गिरण्यांतल्या बायकांसाठी काढलं. केईएमच्या कॉलेजाला ज्यांनी पैसे दिले त्यांनी अट घातली होती की इथले डॉक्टर-मास्तर सगळे हिंदी असले पाहिजेत, गोरे नकोत. पुढे १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. त्याच्या बाजूने कौन्सिलात बाबासाहेब आंबेडकर बोलले होते, आणि त्या काळात ते इथेच परळच्या चाळीत राहत होते. हे सांगतो ते एवढ्यासाठी की परळची इस्पितळं काही आभाळातून पडली नाहीत. अटी घालून, मागण्या करून, गिरणगावाच्या घामावर ती उभी राहिली. आपल्या डोंगरात तसं काही उभं राहिलं नाही, म्हणून आपली बाई झोळीतून इथवर येते.

दिवाळी झाली आणि त्याच घरातली नणंद दिवसांत आली. पहिलटकरीण. सकाळी पाणमोट फुटून पाणी गेलं, कळा काही सुरू होईनात. या वेळी पाड्याने वाट पाहिली नाही. दुपारीच निघाले, तालुक्याला रात्र काढली, तिथे चिठ्ठी मिळाली, खर्डीला गाडी धरून दादरला उतरले. आम्ही तिथे भेटलो. परळला पोचेपर्यंत पाणी जाऊन दीड दिवस झाला होता. डॉक्टर म्हणाले, आता जास्त थांबलो तर आत पू होईल, ताप चढेल, कळा आणाव्या लागतील, ड्रिप लावतो.

ड्रिपच्या बाटलीत सिस्टर कुपी फोडू लागली आणि पोरगी खाटेवरून उतरून दरवाजाकडे चालू लागली. काचेची तीच कुपी. तिने ती ओळखली. ‘हीच सुई वहिनीला दिली, वहिनीची पिशवी फाटली, मी नाही घेत.’ ती तिच्या बोलीत बोलत होती, सिस्टर इस्पितळाच्या मराठीत ओरडत होती. दोघींना एकमेकींचं अर्धंच कळत होतं. एरवी नातेवाइकांना आत सोडत नाहीत. त्या दिवशी सांगायला म्हणून आमच्यातल्या एकीला आत बोलावलं. आमच्याकडेही उत्तर नव्हतं. आम्हालाही तेच वाटत होतं: जिने एकीचं पोर गेलं, तीच सुई दुसरीला का?

सिस्टर वयाने मोठी होती, रात्रपाळी संपत आलेली, पाय सुजलेले. तरी स्टूल ओढून बसली आणि तिने सांगितलं. ते जसं समजलं तसं लिहितो.

हे औषध बाहेरचं नाही, बाईच्या अंगात आपोआप तयार होतं. मेंदूच्या खाली एक लहानशी गाठ असते, तिथून ते सुटतं. त्याने पिशवी आवळते म्हणजे कळा येतात. पोर छातीला लागलं की पान्हा फुटतो तोही त्यानेच. १९०६ मध्ये डेल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाला दिसलं की या गाठीच्या अर्काने पिशवी आवळते. १९५३ मध्ये अमेरिकेत द्यू विन्यो यांनी तेच औषध कारखान्यात बनवता येईल असं केलं आणि १९५५ चं नोबेल बक्षीस मिळवलं. म्हणजे औषध खोटं नाही, विषही नाही. पण पिशवीचं तोंड उघडलेलं नसेल, पोर आडवं असेल, डोकं कमरेच्या हाडात बसत नसेल, तर बंद दारावर आतून धडका बसतात. दार उघडत नाही, मग भिंत फाटते. चार-पाच बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी आधीच पातळ आणि सैल झालेली असते, ती लवकर फाटते. ज्या बाईचं आधी पोट चिरून बाळंतपण झालंय तिची जुन्या टाक्यावर फाटते. आणि कळा फार जवळजवळ आल्या तर पोराला रक्त पुरत नाही, कारण प्रत्येक कळेला त्याचा श्वास कोंडल्यासारखा होतो. दोन कळांच्या मधल्या उसंतीत ते पुन्हा जीव धरतं. ती उसंतच गेली तर पोर आत गुदमरतं.

आता फरक ऐका. दंडात दिलेलं इंजेक्शन परत काढून घेता येत नाही. पाच मिनिटांत सुरू होतं आणि दोन-तीन तास चालतं. काही बिघडलं तर बघत बसण्यापलीकडे हातात काही राहत नाही. ड्रिपमध्ये तेच औषध बाटलीभर पाण्यात मिसळून थेंबाथेंबाने जातं. थेंब मोजायचे. थोड्यावर सुरू करायचं आणि अर्ध्या अर्ध्या तासाने बघून वाढवायचं. पोटावर हात ठेवून घड्याळ बघायचं: दहा मिनिटांत तीन-चार कळा ठीक, पाच झाल्या की फार झाल्या. एक कळ मिनिटाच्या वर चालली आणि पोट सैलच पडेना, तर ड्रिप बंद. पोराचे ठोके निदान अर्ध्या तासाने, कळा जोरात असतील तर पंधरा मिनिटांनी ऐकायचे. मिनिटाला १२० ते १६० असले तर बरे. खाली उतरले आणि वर येईनात, तर ड्रिप बंद, बाईला डाव्या कुशीवर वळवायचं आणि डॉक्टरला हाक मारायची. ड्रिप बंद केली की औषधाचा जोर थोड्या वेळात उतरतो. आणि शेजारच्या खोलीत ऑपरेशनचं टेबल आहे.

‘तुझ्या वहिनीला सुई देऊन तो निघून गेला ना?’ सिस्टरने विचारलं. ‘मी इथून हलणार नाही.’ पोरगीला हे कळलं. ती खाटेवर चढली.

सिस्टर हलली, हे खरं. एकटीच होती आणि खाटा सात, दोन बाया तर सतरंजीवर. पण दर वेळी परत आली आणि मधल्या वेळी आमच्या बाईला पोटावर हात ठेवून कळा मोजायला बसवलं. संध्याकाळी पोरगी मोकळी झाली. पोर रडलं. आणि मग सिस्टरने काय केलं? पोटात दुसरं पोर नाही ना हे हाताने चाचपून बघितलं आणि त्याच औषधाच्या दोन कुप्या, दहा युनिट, सरळ मांडीत मारल्या. आम्ही दचकलो. ती म्हणाली, पोर बाहेर आल्यावर पिशवी जितकी घट्ट आवळेल तितकी चांगली. आता फाटायचं भय नाही, आता भय रक्त जाण्याचं.

म्हणजे एकच कुपी. पोर व्हायच्या आधी दंडात मारली तर मारक, थेंबाथेंबाने आणि पहाऱ्यात दिली तर उपयोगाची, पोर झाल्यावर मांडीत दिली तर जीव वाचवणारी. आपल्या पाड्यांवर जे घडतं ते बरोबर उलटं. आधी मारतात, आणि नंतर रक्त जात असताना कोणाकडे नसते. दवाखान्यांत नंतरच्या रक्तासाठी मेथर्जिनही असतं. ते तर पोर पोटात असताना कधीच द्यायचं नाही, ड्रिपमधूनही नाही, आणि रक्तदाब चढलेल्या बाईला नंतरही नाही.

ही अक्कल काही परळपुरती नाही. डब्लिन म्हणून आयर्लंडमधलं शहर आहे. तिथल्या बाळंतपणाच्या इस्पितळात ओड्रिस्कॉल नावाच्या डॉक्टरने कळा वाढवण्यासाठी हे औषध सर्रास वापरायला सुरुवात केली, आणि जगभरच्या डॉक्टरांनी ते उचललं. उचलताना त्यांनी अर्धंच उचललं. डब्लिनमध्ये हे पहिलटकरणींसाठी होतं आणि प्रत्येक बाईपाशी तिची एक नर्स बसलेली असे. औषध सगळीकडे पोचलं, नर्स पोचली नाही. १९८५ मध्ये ब्राझीलच्या फोर्तालेझा गावी जागतिक आरोग्य संघटनेची बैठक झाली. तिने सांगितलं की सोयीसाठी कळा आणू नयेत, आणि कुठल्याच मुलखात शंभरात दहाच्या वर बाळंतपणं कळा आणून होऊ नयेत. सोय कोणाची, हे आपण विचारायचं. डॉक्टरला ओपीडी गाठायची असते, बाजारगावच्या डॉक्टरला अंधाराआधी नदी ओलांडायची असते.

आम्हाला सगळ्यात पटली ती आफ्रिकेतली गोष्ट. आजचं झिम्बाब्वे, तेव्हाचं ऱ्होडेशिया. तिथेही खेडी लांब, इस्पितळ एक. १९७२ मध्ये फिलपॉट आणि कॅसल या दोघांनी एक साधा कागद काढला. त्यावर दर काही तासांनी पिशवीचं तोंड किती उघडलं ते टिंब करून मांडायचं. कागदावर दोन तिरप्या रेघा आखलेल्या. टिंबं पहिल्या रेघेच्या उजवीकडे गेली की समजायचं बाळंतपण रखडलंय, बाईला हलवा. दुसरी रेघ चार तास पुढे. तिथपर्यंत बाई मोठ्या इस्पितळात पोचलेली पाहिजे आणि डॉक्टरने काहीतरी केलेलं पाहिजे. लांबच्या दवाखान्यातल्या सुईणीला वेळेत कळावं म्हणून ही पहिली रेघ. साधा आलेखाचा कागद! आपल्या प्राथमिक केंद्रातल्या नर्सबाईकडे तेव्हा कुटुंब नियोजनाच्या टार्गेटचे तक्ते भिंतभर होते, हा एक कागद नव्हता. आणि असता तरी पहिली रेघ ओलांडल्यावर जीप कुठून आणणार, हा प्रश्न उरतोच. मोखाड्यातून चार तासांत आम्ही ठाण्यालाही पोचत नाही.

एक कडू गंमतही ऐका. हेच औषध म्हशीला पान्हा सोडायला तबेल्यांत रोज टोचतात, बाटलीने विकत मिळतं. जनावराला दुधासाठी असं काही टोचायला १९६० च्या कायद्याने बंदी आहे आणि त्याला शिक्षा लिहिलेली आहे. बाईसाठी तेव्हा एवढाच नियम होता, की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दुकानदाराने विकू नये. आपल्या बाजारात तो कोण पाळायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता आपल्यातल्या वादाबद्दल. मागच्या शिबिरात दोन बाजू पडल्या. तरुण साथी म्हणाले, सुईणी अडाणी, डॉक्टरच बरा, सुई मारली की बाई मोकळी होते. म्हाताऱ्या बाया म्हणाल्या, सुई नको, दवाखाना नको, आमच्या आया डोंगरात बाळंत झाल्या. आम्हाला दोन्ही पटत नाही. पोर सरळ नाही हे त्या घरात फक्त सुईणीने ओळखलं, आणि तिचं ऐकलं असतं तर डॉक्टरला बोलवायलाच नको होतं, झोळीच बांधायची होती. आणि डोंगरात बाळंत झालेल्या सगळ्याच आया आपल्याला सांगायला उरल्या नाहीत, हेही त्या म्हाताऱ्यांना माहीत आहे. १९८७ मध्ये नैरोबीला जगभरची माणसं जमली, तिथे आकडा सांगितला गेला की वर्षाला पाच लाख बायका बाळंतपणापायी मरतात, आणि जवळजवळ सगळ्या आपल्यासारख्या गरीब देशांत. भीतीने सुईच नाकारली असती तर नणंदेचंही काय झालं असतं कोण जाणे. पहिल्या चुकीपेक्षा ही दुसरी चूक लहान नाही.

तेव्हा पाड्यावर असं ठरवावं असं आम्हाला वाटतं. पोर पोटात असेतो कळांसाठी दंडात किंवा ढुंगणात सुई घरी कोणाकडूनही घ्यायची नाही. डॉक्टर कितीही चांगला असो, ओळखीचा असो. ड्रिपसुद्धा घरी नाही. जिथे बाईपाशी बसायला माणूस आहे आणि ऑपरेशन होतं, तिथेच. रात्र-दिवस कळा येऊन मोकळी होत नाही, पाणी जाऊन अर्धा दिवस झाला, हात-पाय किंवा नाळ आधी दिसली, रक्त जातंय, झटके येताहेत, तर सुईसाठी माणूस पाठवायचा नाही, झोळी बांधायची. वाटेत बाईला डाव्या कुशीवर ठेवायचं. आणि सुई कोणी दिलीच तर कुपी जपून ठेवायची, कधी दिली ती वेळ लक्षात ठेवायची, डॉक्टरकडून चिठ्ठीवर लिहून मागायची. पोर झाल्याबरोबर छातीला लावायचं. चीक पिळून टाकून तीन दिवस थांबायची चाल सोडली पाहिजे, कारण त्या चोखण्याने पिशवी आवळते आणि रक्त थांबायला मदत होते.

सरकारकडे मागायचं ते वेगळं. आदिवासी भागात तीन हजार वस्तीला एक उपकेंद्र आणि वीस हजाराला एक प्राथमिक केंद्र, हे सरकारचंच माप आहे. त्या प्रत्येक उपकेंद्रात बाळंतपणानंतरच्या रक्तासाठी या कुप्या हव्यात, आणि त्या थंड जागी ठेवलेल्या हव्यात. हे औषध उन्हाळ्यात उघड्यावर राहिलं की त्याचा जोर जातो. मग एका सुईने काही होत नाही म्हणून दुसरी मारतात, तिसरी मारतात. म्हणजे बर्फाची पेटी आणि लाईट हीसुद्धा बाळंतपणाचीच मागणी आहे. नर्सबाईला दोष देणारे आम्ही नाही. पाच पाड्यांना ती एकटी, तिला राहायला खोली नाही, नदीला पूल नाही. तिला आलेखाचा कागद, कुप्या आणि केंद्राला चालू जीप द्या, मग तिला जाब विचारू.

वरईच्या त्या तुकड्याचं सांगायचं राहिलं. गहाण ठेवला तो डॉक्टरच्या पैशासाठी, ट्रकच्या भाड्यासाठी आणि परळच्या पंधरा दिवसांच्या खाण्यासाठी. घेणाऱ्याने या साली त्यात नांगर घातला. ती बाई आता त्याच तुकड्यात मजुरीने लावणीला जाते. सोडवायचा कसा याची बोलणी चालू आहेत, पुढच्या अंकात लिहू.

सातबारा वाचायला आपण शिकलो, ‘इतर हक्का’त कोणाचं नाव घुसलं ते आता शाळा सोडलेला पोरगाही सांगतो. केसपेपर वाचायलाही शिकू. येत्या अमावास्येनंतरच्या पहिल्या बाजारी कचेरीसमोर प्लॉटच्या यादीसाठी बसणार आहोत, त्याच निवेदनात उपकेंद्राची मागणी घातली आहे. सुईणींनी तर यावंच. ज्या घरात गेल्या दोन-तीन वर्षांत बाळंतपण अडलं असेल त्यांनी येताना केसपेपर, चिठ्ठ्या, कुप्या, जे असेल ते घेऊन यावं. भिजलेलं, फाटलेलं असलं तरी चालेल.